फिल्म फॉग होते तेव्हा : बल्क लोडिंगमधल्या प्रकाशगळतीचा शोध

३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म छायाचित्रकाराच्या हाती दोन रूपांत येते. एक रूप सर्वांच्या ओळखीचे, म्हणजे कारखान्यातून भरून आलेला ३६ चित्रांचा रोल. दुसरे रूप काळ्या पिशवीत गुंडाळून डब्यात बंद केलेल्या, १०० फूट म्हणजे साडेतीस मीटर लांबीच्या अखंड गुंडाळीचे. ही गुंडाळी अंधारात थोडी थोडी उलगडून रिकाम्या कॅसेटमध्ये स्वतः भरण्याच्या कामाला बल्क लोडिंग म्हणतात. ३६ चित्रांच्या रोलला पुढची जीभ आणि मागचे टोक धरून सुमारे १.६ मीटर फिल्म लागते, म्हणजे एका डब्यातून अठरा-एकोणीस रोल निघतात. ते तयार रोलांपेक्षा बहुधा स्वस्त पडतात, सगळे एकाच उत्पादन-घाण्याचे असल्याने त्यांचा स्वभाव सारखा राहतो, आणि बारा चित्रांचेच काम असेल तर बारा चित्रांपुरतीच फिल्म भरता येते. मात्र या सगळ्या सोयींबरोबर एक जबाबदारीही येते. तयार रोलमध्ये अंधाराची हमी कारखाना देतो, बल्क लोडिंगमध्ये ती भरणाऱ्याला द्यावी लागते. आणि ही हमी कुठे तुटली हे शोधता येणे, हे फिल्म भरता येण्याइतकेच या कामाचे अंग आहे.

मुंबईच्या राहत्या घरांत कच्ची फिल्म हाताळण्याची परंपरा भारतीय चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि त्याच्याबरोबर फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्रही आणले, कारण त्या काळी कच्ची फिल्म विनाछिद्रांची मिळत असे. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित होण्यापूर्वी दादरच्या घरी अंधारात बसून ती छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. स्थिरचित्रणातही हाताने भरलेली कॅसेट तयार रोलच्या आधीची आहे. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला तेव्हा त्यात सिनेमाचीच फिल्म कापून, पुन्हा पुन्हा वापरायच्या धातूच्या कॅसेटमध्ये भरावी लागे; एकदा वापरून टाकून देण्याजोगी, उजेडात कॅमेऱ्यात घालता येणारी कॅसेट कोडॅकने १९३४ साली रेटिना कॅमेऱ्याबरोबर आणली. भारतात १९६० साली उदगमंडलम येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९६७ पासून तिचे उत्पादन सुरू होऊन ‘इंदू’ हे नाव स्टुडिओंमध्ये रुळले. पूर्व जर्मनीशी रुपयांत चालणाऱ्या व्यापारामुळे ‘ऑर्वो’ची कृष्णधवल फिल्मही येथे सर्वत्र वापरात होती. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या दशकांत फिल्मचा प्रत्येक फूट जपून वापरला जाई. आज तो निर्बंध नाही, पण फिल्मची किंमत पुन्हा चढल्यामुळे नव्या पिढीतले छायाचित्रकारही बल्क डब्याकडे वळले आहेत.

विक्रोळीसारख्या उपनगरात या कामाला स्वतःच्या अडचणी आहेत. पूर्वेला कन्नमवार नगर आणि टागोर नगर या म्हाडाच्या वसाहती, पश्चिमेला पार्कसाइट आणि सूर्यानगर, आणि खाडीच्या बाजूला पसरलेले कांदळवन, अशी या भागाची ठेवण आहे. दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र डार्करूम ही चैन ठरते, म्हणून रात्री घर निजल्यावर न्हाणीघराच्या झडपांच्या खिडकीला काळा कागद लावून, दाराच्या फटीला चादर कोंबून काम उरकले जाते. रात्र झाली म्हणजे अंधार झाला असे मात्र येथे समजता येत नाही, कारण पूर्व द्रुतगती महामार्गावरचे आणि इमारतींच्या आवारातले दिवे पहाटेपर्यंत जळत असतात आणि कागदाच्या कडेने त्यांची रेघ आत उतरते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत हवेतला दमटपणा मखमल, फेल्ट, पिशवी आणि फिल्म या सगळ्यांत मुरतो. डबा, कॅसेट, टाकी असे काही लागले तर धीम्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठून फोर्टातल्या बोरा बाजारात जावे लागते, त्यामुळे बिघडलेला रोल म्हणजे पैशाबरोबर अर्ध्या दिवसाचीही नुकसानी असते. यावरून हे लक्षात येईल की दोष घडल्यावर हळहळण्यापेक्षा तो कुठून आला हे ठामपणे ठरवता येणे येथे किती मोलाचे आहे.

त्यासाठी आधी फिल्मचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. डोळा त्या क्षणापुरता उजेड पाहतो, फिल्म मात्र तिच्यावर पडलेला उजेड साठवत जाते. लोडरच्या, म्हणजे बल्क गुंडाळी आत ठेवून तिच्यातून कॅसेट भरायच्या पेटीच्या, झाकणाच्या सांध्यातून येणारा उजेड डोळ्याला जाणवणारही नाही इतका क्षीण असला, तरी तो लोडर खिडकीजवळच्या फळीवर दोन महिने पडून राहिला तर त्या उजेडाचा डाग निगेटिव्हवर उमटू शकतो. अतिशय मंद प्रकाशाचा परिणाम वेळेच्या हिशेबाने जितका व्हायला हवा त्यापेक्षा कमी होतो, हा छायाचित्रणशास्त्रातला ज्ञात नियम आहे. पण कमी होणे म्हणजे न होणे नव्हे. म्हणूनच लोडरमध्ये विजेरी ठेवून अंधाऱ्या खोलीत सांधे पाहण्याची रीत ढोबळ भोके दाखवते, पण त्या परीक्षेत उतरलेला लोडर निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. कामाला बसण्याआधी दहा-पंधरा मिनिटे दिवा मालवून डोळे सरावू द्यावेत आणि मग खोलीत कुठे उजेडाची रेघ दिसते का हे पाहावे, ही सवय जुन्या स्टुडिओवाल्यांनी कसोशीने पाळली. तांबडा दिवा येथे चालत नाही, कारण आजची बहुतेक कृष्णधवल फिल्म पॅनक्रोमॅटिक म्हणजे तांबड्यासह सर्व रंगांच्या प्रकाशाला जागी असते. तांबड्या दिव्याची मुभा छपाईच्या कागदापुरती आहे. हातातल्या घड्याळाची चमकणारी तबकडी आणि खिशातला मोबाइल या दोन्ही वस्तू खोलीबाहेर ठेवाव्यात, हेही त्यातच आले.

बल्क फिल्म कारखान्यातून निघून निगेटिव्ह होईपर्यंत पाच बंद जागांतून जाते : मूळ डबा व काळी पिशवी, लोडर, कॅसेट, कॅमेरा आणि डेव्हलपिंगची टाकी. प्रकाशगळती यांपैकी कोणत्याही जागी होऊ शकते, आणि अनुभव नसलेला माणूस सवयीने कॅमेऱ्याला दोष देतो, त्याच्या पाठीचा उजेड अडवणारा फोम बदलून घेतो, आणि पुढचा रोलही तसाच फॉग झालेला, म्हणजे नको त्या उजेडाने काळवंडलेला, पाहून हताश होतो. खरे पाहता पाचही जागी फिल्म वेगवेगळ्या घेराने गुंडाळलेली किंवा ताणलेली असते, आणि म्हणून प्रत्येक जागचा डाग आपली वेगळी खूण ठेवून जातो. ही खूण वाचण्यासाठी लागते ती वाळलेली, न कापलेली पूर्ण पट्टी, मागून उजेड येईल अशी खिडकी आणि छिद्रे मोजण्याची चिकाटी.

पहिली नजर चित्रावर नव्हे, काठावर टाकावी. दोन्ही बाजूंच्या छिद्रांभोवतीचा काठ निगेटिव्हमध्ये स्वच्छ, जवळजवळ पारदर्शक असायला हवा आणि त्यावर कारखान्याने छापलेली अक्षरे काळी व ठळक दिसायला हवीत. काठ स्वच्छ असून डाग फक्त चित्राच्या चौकटीत असेल, तर उजेड भिंगाच्या वाटेने आला, म्हणजे शटरच्या कापडाला बारीक भोक आहे किंवा भिंगावर थेट ऊन पडले आहे; त्याचा बल्क लोडिंगशी संबंध नाही. डाग काठावर, छिद्रांमधून आणि दोन चित्रांमधल्या रिकाम्या पट्टीवरही पसरला असेल, तर उजेड भिंगाला वळसा घालून आला आहे. त्यातही डागात छिद्रांच्या आकाराचे चौकोनी ठसे दिसले, तर ती फिल्म त्या वेळी गुंडाळलेली होती हे निश्चित समजावे, कारण वरच्या पदराच्या छिद्रांतून गेलेला उजेड खालच्या पदरावर तसाच चौकोन उमटवतो.

दुसरा प्रश्न असा, की डाग पुन्हा पुन्हा येतो का, आणि येत असेल तर किती अंतराने. या शोधाचा गाभा येथे आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्रामागे आठ छिद्रे असतात आणि एका चित्राने ३८ मिलिमीटर लांबी व्यापली जाते, त्यामुळे मोजपट्टीऐवजी छिद्रेच मोजता येतात. कॅसेटमधल्या दांडीवर फिल्म गुंडाळलेली असते तेव्हा सगळ्यांत बाहेरचा वेढा सुमारे साठ-पासष्ट मिलिमीटरचा आणि दांडीलगतचा छत्तीसच्या आसपास असतो. म्हणजे कॅसेटमध्ये शिरलेल्या उजेडाचा डाग बाहेरच्या बाजूला तेरा-चौदा छिद्रांनी आणि आत आत जाताना आठ छिद्रांपर्यंत उतरत जाणाऱ्या अंतराने उमटतो. १०० फुटी गुंडाळीचा व्यास मात्र भरलेली असताना आठ-नऊ सेंटिमीटर असतो आणि तिचा वेढा पंचवीस ते अठ्ठावीस सेंटिमीटरचा भरतो. त्यामुळे लोडरच्या कप्प्यात लागलेला उजेड साधारण सात चित्रांनंतर पुन्हा डोके वर काढतो. डबा संपत येतो तसे हे अंतर कमी होते, पण एका रोलपुरते पाहिले तर ते जवळजवळ सारखेच राहते, कारण एका रोलला त्या मोठ्या गुंडाळीचे पाच-सहाच वेढे लागतात. अशा रीतीने चित्र-दीड चित्राने येणारा डाग आणि सात चित्रांनी येणारा डाग यांतला फरक बोटाने मोजून कळतो, आणि पाच संशयितांपैकी बहुतेक जण तेथेच सुटतात.

तिसरी खूण म्हणजे अंतर कोणत्या दिशेने वाढते. कॅसेटमध्ये पहिली चित्रे बाहेरच्या वेढ्यात आणि शेवटची दांडीजवळ असतात, म्हणून कॅसेटच्या तोंडातून गळलेला उजेड पहिल्या चित्रांवर सर्वांत गडद असतो आणि पुढे पुढे फिका व जवळ जवळ येत जातो. कॅमेऱ्यातल्या गुंडाळणाऱ्या दांडीवर याच्या नेमके उलट घडते : तेथे पहिली चित्रे आत आणि नुकतीच काढलेली बाहेर असतात, म्हणून मध्येच पाठ उघडली गेली किंवा त्या बाजूचा सांधा सैल असला तर डाग शेवटच्या चित्रांकडे गडद व लांब लांब होत जातो. टाकीतल्या चक्रीवर फिल्मचे वेढे सुटे सुटे असतात आणि एकाच रोलमध्ये वेढ्याचा घेर झपाट्याने बदलतो, शिवाय उजेड झाकणाच्या बाजूने उतरत असल्याने एकच काठ लांबवर काळवंडतो. निगेटिव्हच्या पट्टीवर डागाची सुरुवात, अंतर आणि गडदपणा या तीन गोष्टी पेन्सिलीने कागदावर उतरवून घेतल्या, की उरलेली तपासणी बहुतेक वेळा एकाच वस्तूपुरती मर्यादित होते.

लोडर दोषी ठरला तर त्याची रचना लक्षात घ्यावी लागते. उजेडात वापरण्याच्या लोडरला दोन कप्पे असतात. मोठ्या कप्प्यात बल्क गुंडाळी कायम अंधारात राहते आणि छोट्या कप्प्यात रिकामी कॅसेट बसवून, दार लावून, हँडल फिरवून फिल्म तिच्यात ओढून घेतली जाते. दोन्ही कप्प्यांमधल्या वाटेवर प्रकाश अडवण्याची सोय दोन प्रकारांची असते. लॉइडसारख्या लोडरमध्ये फेल्टच्या दोन पट्ट्यांमधून फिल्म सरकते. ही रचना साधी आहे, पण फेल्ट झिजले की गळते आणि त्यात धूळ अडकली की फिल्मवर लांबच लांब ओरखडा उमटतो. वॉटसनसारख्या लोडरमध्ये फिरते दार असते, ते भरताना उघडले जाते आणि भरून झाल्यावर बंद केले जाते. त्यात फिल्म कशालाही घासत नाही, पण फिरते दार बंद करण्याआधी कॅसेटच्या कप्प्याचे झाकण उघडले तर उजेड थेट मोठ्या गुंडाळीवर जातो आणि पुढच्या रोलची शेवटची चित्रे, आणि त्यांच्या मागे सात सात चित्रांच्या अंतराने आणखी काही, खराब होतात. सात चित्रांच्या अंतराचा डाग एकाच रोलवर येऊन पुढे नाहीसा झाला तर ती हाताची चूक असते. एकामागून एक प्रत्येक रोलवर, एकाच काठाला येत राहिला तर झाकणाचा सांधा गळतो असे समजावे. सांध्याच्या दोषाला इलाज स्वस्त आहे : झाकणाभोवती काळी चिकटपट्टी लावावी आणि लोडर वापरात नसताना काळ्या पिशवीत, कपाटात ठेवावा.

येथे एक गोष्ट दोष म्हणून मोजू नये. उजेडात वापरायच्या लोडरमध्ये फिल्मचे टोक दांडीला चिकटवताना ते उजेडात असतेच, त्यामुळे प्रत्येक रोलच्या शेवटी काही सेंटिमीटर फिल्म काळी पडणे अटळ आहे. ज्यांना शेवटचे चित्रही हवे असते ते सगळे काम पूर्ण अंधारात करतात : दाराच्या चौकटीवर १.६ मीटर अंतराने दोन खिळे मारलेले असतात, फिल्मचे टोक एका खिळ्याशी धरून दुसऱ्यापर्यंत ताणले जाते, बोटाने दुसरा खिळा लागला की तेथेच कात्री चालते, आणि मग ती पट्टी फक्त काठाला धरून दांडीवर गुंडाळली जाते. लोडर वापरणाऱ्याने एक-दोन चित्रांची फिल्म जास्त भरावी आणि लग्नातला मंगलाष्टकांचा क्षण रोलच्या शेपटावर येऊ देऊ नये, हा व्यवहारातला मार्ग आहे.

कॅसेट हा या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे. तिच्या तोंडाशी मखमलीचे दोन ओठ असतात आणि त्यांमधून फिल्म बाहेर येते. बाहेरचा उजेड अडवणारे हे दोन ओठच काय ते असतात. पुन्हा पुन्हा वापरून मखमलीची लव चपटी झाली, पावसाळ्यात ओलावून ती एका बाजूला चिकटली, किंवा कॅसेट पडून पत्र्याला पोचा आला, तर तोंड पूर्ण मिटत नाही. झाकण दाबून बसवायच्या कॅसेटमध्ये आणखी एक धोका असतो : झाकण खिशातल्या धक्क्यानेही निसटू शकते, आणि मग फिल्मची कडा उजेडात येऊन एका बाजूची छिद्रे सबंध रोलभर काळी होतात. म्हणून दोन्ही झाकणांवरून चिकटपट्टी फिरवावी, मखमल दर वेळी चिकटपट्टीने टिपून स्वच्छ करावी, आणि प्रत्येक कॅसेटवर क्रमांक लिहून ती किती वेळा भरली याची नोंद ठेवावी. एकाच क्रमांकाच्या कॅसेटमधला रोल दोनदा फॉग झाला तर तिला कचऱ्याची वाट दाखवावी. कारखान्यात पत्रा दुमडून बंद केलेली कॅसेट उघडता येत नाही, पण लॅबने फिल्म काढून घेताना तोंडाबाहेर दोन-तीन सेंटिमीटर शेपूट ठेवले असेल, तर त्यालाच नवी फिल्म चिकटवून आत गुंडाळता येते; अशा कॅसेटची झाकणे निसटत नाहीत आणि तिची मखमल एकदाच वापरलेली असते, म्हणून काटकसरीने काम करणाऱ्यांची तिलाच पसंती असते.

फिल्मचा पाया कोणता आहे, हेही तपासले पाहिजे, कारण काही वेळा सगळे डबे निर्दोष असूनही उजेड आत पोहोचतो. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मचा पाया ट्रायअॅसिटेटचा असून त्यात किंचित करडा रंग मिसळलेला असतो आणि तो फिल्मच्या जाडीतून आडवा धावणारा उजेड शोषून घेतो. स्वच्छ पॉलिएस्टरच्या पायावर ओतलेल्या काही फिल्ममध्ये, उदाहरणार्थ विमानातून करायच्या छायाचित्रणासाठी बनवलेल्या फिल्मपासून तयार झालेल्या रोलाय रेट्रो मालिकेत, ही सोय नसते. अशा फिल्मची जीभ उन्हात उघडी राहिली तर उजेड त्या पारदर्शक पायातूनच वाहत मखमलीच्या आत जातो आणि पहिल्या काही चित्रांचे काठ काळे करतो. येथे कॅसेट बदलून काही साधत नाही. अशी फिल्म कॅमेऱ्यात घालताना आणि काढताना सावलीत जावे, जीभ आखूड ठेवावी आणि भरलेला रोल अपारदर्शक डबीतच ठेवावा, एवढाच उपाय आहे.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात सांगता येते. १९७० च्या दशकातल्या जपानी कॅमेऱ्यांच्या पाठीला लावलेला फोम दमट हवेत कालांतराने चिकट होऊन विरघळतो, आणि त्या फटीतून आलेला डाग गेटमध्ये ताणून थांबलेल्या चित्रावर, बहुधा दोन चित्रांमध्ये कॅमेरा बराच वेळ उन्हात राहिला तेथेच, धूसर कडांचा उमटतो. भिंग प्रतिमा उलटी टाकत असल्याने चित्रात आकाशाच्या बाजूला दिसणारा डाग कॅमेऱ्याच्या तळाकडून आलेला असतो; एवढे ध्यानात ठेवले की चुकीच्या बाजूचा फोम बदलण्याचा खर्च वाचतो.

काही खुणा प्रकाशगळतीसारख्या दिसतात, पण त्या तशा नसतात. कोरड्या हवेत हँडल जोराने फिरवले तर फिल्मवर स्थिर वीज साठून ठिणगी पडते आणि निगेटिव्हवर फांद्या फुटलेल्या विजेसारखी काळी रेघ उमटते. चक्रीवर चढवताना फिल्म मुडपली तर चंद्रकोरीच्या आकाराचा लहान डाग येतो. डेव्हलपर फार जोरात हलवला तर छिद्रांमधून वाहणाऱ्या द्रवामुळे छिद्रांलगत चित्राच्या आत गडद पट्टे दिसतात, पण काठावरच्या पट्टीची स्वच्छता शाबूत राहते. जुनी, उष्णतेत किंवा दमट कपाटात राहिलेली फिल्म सर्वत्र सारखी राखाडी होते. तिच्या काळेपणाला आकार नसतो, सुरुवात नसते आणि अंतर नसते. विक्रोळीच्या पावसाळ्यात हा शेवटचा प्रकार विशेष संभवतो, म्हणून डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे काही तास, उघडू नये, नाहीतर थंड फिल्मवर हवेतले पाणी जमते. चेंजिंग बॅग म्हणजे दोन बाह्या असलेली, दुहेरी चेनची काळी पिशवी वापरली तर हाताच्या घामानेही तोच परिणाम होतो. बोटे कोरडी करून, पंख्याखाली, थोडे थोडे काम करणे हाच त्यावरचा इलाज.

वाचनानंतरही शंका उरली, तर चार तुकड्यांची परीक्षा घ्यावी. पहिला तुकडा पूर्ण अंधारात थेट बल्क गुंडाळीतून कापावा. दुसरा लोडरने कॅसेटमध्ये भरावा पण कॅमेऱ्यात घालू नये. तिसरा कॅसेटमध्ये भरून ती कॅसेट खिडकीतल्या उन्हात सर्व बाजूंनी फिरवावी. चौथा कॅमेऱ्यात घालून, भिंगावर झाकण ठेवून, कॅमेरा उन्हात धरून पुढे सरकवावा. चारही तुकडे अंधारात ओळखता यावेत म्हणून त्यांच्या कोपऱ्याला कात्रीने एक, दोन, तीन, चार खाचा पाडाव्यात व एकाच टाकीत, एकाच डेव्हलपरमध्ये धुवावेत. पहिलाच तुकडा काळा आला तर दोष फिल्मचा, पिशवीचा किंवा टाकीचा. पहिला स्वच्छ आणि दुसरा काळा तर लोडरचा. तिसऱ्यापासून काळेपणा सुरू झाला तर कॅसेटचा. आणि फक्त चौथा काळा तर कॅमेऱ्याचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे या परीक्षेचे तत्त्व आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या ज्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या, तेथील यंत्रशाळांमध्ये ज्यांचे आयुष्य गेले त्या कुटुंबांना ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही; पत्र्याच्या सांध्यातला दोष अंदाजाने नव्हे, मापाने सापडतो, हे त्यांच्या रोजच्या कामाचेच सूत्र होते.

या कामात काही काळ घालवलेल्या माणसाच्या वृत्तीत एक बदल घडतो आणि त्याची नोंद घेणे आवश्यक आहे. सुरुवातीला फॉग झालेला रोल हे दुर्दैव वाटते, आणि ते साहजिकही आहे, कारण त्या रोलवर कुणाच्या बारशाचे, कुणाच्या निरोप समारंभाचे क्षण असतात आणि ते परत घडवता येत नाहीत. पुढे हळूहळू ध्यानात येते की उजेड सरळ रेषेत चालतो, फिल्म त्याचा हिशेब चुकवत नाही, आणि म्हणून बहुतेक काळ्या डागांना ठावठिकाणा असतो. ही जाण आल्यावर हात सावकाश होतो : फिरते दार बंद आहे का हे दोनदा चाचपले जाते, कॅसेटचे झाकण अंगठ्याने दाबून पाहिले जाते, आणि नव्या डब्यातला पहिला रोल कधीही महत्त्वाच्या कामाला नेला जात नाही. कौशल्य म्हणतात ते बहुतांशी अशा चाचपण्यांचेच बनलेले असते.

म्हणून जे आज हे काम नव्याने हाती घेत आहेत त्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की खराब झालेली पट्टी चुरगळून फेकू नये. तिच्यावर तारीख, कॅसेटचा क्रमांक आणि कॅमेऱ्याचे नाव लिहून ती पाकिटात ठेवावी, तिच्यावरची छिद्रे मोजावीत आणि पुढच्या रोलच्या वेळी फक्त एकच गोष्ट बदलावी. बल्क लोडिंगमध्ये फिल्म वाया जाणे पूर्णपणे टळत नाही. त्याच कारणाने फिल्म दुसऱ्यांदा वाया जाणे मात्र निश्चित टाळता येते.